दिवस चोरणारा माणूस

आळशी माणसाला प्रत्येक भाषेने नाव ठेवले आहे आणि त्या नावात त्या समाजाचा श्रमविचार नकळत उतरला आहे. मराठीत असा माणूस कधी 'अंगचोर' ठरतो, कधी 'कामचुकार', तर कधी 'रिकामटेकडा'. मध्य युरोपातील हंगेरी या देशाच्या भाषेत त्याला 'नॉपलोपो' म्हणतात. 'लोपो' म्हणजे चोरणारा. 'नॉप' या शब्दाला मात्र दोन अर्थ आहेत, सूर्य आणि दिवस. नॉपलोपो म्हणजे दिवस चोरणारा, किंवा शब्दाची ओढाताण केली तर सूर्यच चोरून नेणारा माणूस. मराठी माणसाला हा शब्द फारसा परका वाटू नये. 'दिवस उगवला', 'दिवस मावळला' असे आपल्या खेड्यांतून म्हणतात तेव्हा 'दिवस' म्हणजे सूर्यच अभिप्रेत असतो.

हा शब्द घरगुती आहे. आई उशिरापर्यंत लोळत पडलेल्या मुलाला नॉपलोपो म्हणते, मुकादम झाडाखाली बसलेल्या गड्याला म्हणतो. जर्मन भाषेतही याच घडणीचा, 'दिवसचोर' अशाच अर्थाचा शब्द आहे. हंगेरी शतकानुशतके ज्या हाब्सबुर्ग राजवटीखाली होता, तेथे या दोन भाषांचा शेजार निकटचा होता. पण शब्दाचा प्रवास कसाही झालेला असो, त्याने उभा केलेला प्रश्न कुतूहल वाढविणारा आहे. चोरी म्हटली की धनी आला. दिवस जर चोरला गेला, तर तो मुळात कोणाच्या मालकीचा होता?

धन्याचा दिवस

या प्रश्नाचे उत्तर हंगेरीच्या ग्रामीण इतिहासात सापडते. तेथील कुळाला जमीनदाराच्या शेतावर जी वेठ करावी लागे तिला 'रोबोत' म्हणत. हा शब्द स्लाव भाषांमधून आलेला. पुढे चेक नाटककार कारेल चापेक याच्या १९२० मधील नाटकाने त्याच मुळापासून यंत्रमानवाचे नाव जगाला दिले. सम्राज्ञी मारिया तेरेझा हिने १७६७ मध्ये या वेठीचे प्रमाण ठरवून दिले. पूर्ण वाट्याची जमीन कसणाऱ्या कुळाने वर्षाला आपल्या बैलांसह ५२ दिवस, किंवा बैलांवाचून नुसत्या हातांनी १०४ दिवस धन्यासाठी राबावे, असा तो हिशेब होता. म्हणजे कुळाचे देणे दिवसांत मोजले जात होते. अशा व्यवस्थेत जो बांधावर टेकला, त्याने खरोखरच कोणाचा तरी दिवस चोरला, असे धन्याला वाटणे स्वाभाविक होते.

१८४८ मध्ये कुळांची या बंधनातून मुक्तता झाली. तथापि ज्यांना जमीन मिळाली नाही, त्या असंख्य कुटुंबांच्या वाट्याला आले ते 'नॉपसामोश' हे दुसरे नाव. 'नॉप' म्हणजे दिवस आणि 'साम' म्हणजे संख्या. दिवसांच्या मोजणीवर जगणारा तो नॉपसामोश. आपल्या 'रोजंदारी' या शब्दाची घडणही अशीच आहे, कारण फारसीतील 'रोज' म्हणजे दिवसच. दिवस विकणारा आणि दिवस चोरणारा हे दोन शब्द एकाच धातूच्या नाण्याचे आहेत, आणि पुष्कळदा ते एकाच माणसाला लावले जात.

हंगेरीच्या विस्तीर्ण मैदानी प्रदेशातील गावांत चौकाचा एक कोपरा मजुरांसाठी ठरलेला असे. पहाटे तेथे माणसे येऊन उभी राहत आणि मालक येऊन हवी तेवढी निवडून नेत. या जागेला 'माणसांचा बाजार' म्हणत. तिचे दुसरे, अधिक बोलके नाव होते 'कोपकोदो', म्हणजे थुंकण्याची जागा. काम मिळेपर्यंत तिष्ठत उभ्या राहिलेल्या माणसांना करण्याजोगे दुसरे होते तरी काय? दुपारी त्या चौकातून जाणाऱ्या सुखवस्तू गृहस्थाला दिसत ती थुंकत, गप्पा मारत उभी असलेली धडधाकट माणसे. त्यांना नॉपलोपो म्हणून तो पुढे जाई. त्या माणसांचा दिवस त्यांनी चोरलेला नव्हता. तो विकला गेलेला नव्हता, एवढेच. हा भेद त्या शब्दात मावत नाही.

याउलट, जेथे रिकामपणाला प्रतिष्ठा होती तेथे हा शब्द फिरकला नाही. बुडापेस्टचे न्यूयॉर्क कॅफे १८९४ मध्ये सुरू झाले. त्यात आणि त्यासारख्या इतर कॅफेंत लेखक, पत्रकार एका कॉफीच्या पेल्यावर दिवस दिवस बसत. १९०८ मध्ये निघालेल्या 'न्युगॉत' या नियतकालिकाने हंगेरियन साहित्याचे रूप पालटले, आणि त्याचे पुष्कळसे काम अशा टेबलांवरच झाले. बाहेरून आळस दिसणारी गोष्ट आतून श्रम असू शकते, हे तेथे मान्य होते. पण ही सवलत कॅफेतल्या टेबलाला होती. चौकात उभ्या असलेल्या मजुराला ती कोणी दिली नाही.

शिवी कायद्यात शिरते तेव्हा

घरगुती शिवी जोवर घरात आहे तोवर तिचा उपद्रव बेताचा असतो. हंगेरीत १९१३ मध्ये ती कायद्याच्या पुस्तकात गेली. अर्थात कायद्याने 'नॉपलोपो' हा बोलीतला शब्द घेतला नाही. त्याने नवा, जडजंबाल शब्द घडविला : 'कोझवेसेयेश मुंकॉकेरुलो'. 'मुंकॉ' म्हणजे काम आणि 'केरुलो' म्हणजे चुकविणारा. शब्दशः आपला 'कामचुकार'. त्याच्यामागे लावलेल्या विशेषणाचा अर्थ आहे 'सार्वजनिक दृष्ट्या धोकादायक'. नुसता कामचुकार हा थट्टेचा विषय झाला असता. हे विशेषण लागताच तो पोलिसांचा विषय झाला.

त्या वर्षीच्या एकविसाव्या कायद्याने असे ठरविले की, काम करण्यास समर्थ असूनही जो काम टाळण्यासाठी भटकतो किंवा कामचुकार जीवन जगतो, त्याला आठ दिवस ते दोन महिने कोठडीत ठेवावे. अट्टल ठरणाऱ्यांसाठी 'दोलोगहाझ', म्हणजे श्रमगृह, नावाची संस्था त्याच कायद्याने आणली. 'दोलोग' हा शब्दही पाहण्यासारखा आहे. त्याचा अर्थ 'काम' असा आहे, तसाच 'वस्तू' असाही आहे. 'दोलोगतॉलॉन', म्हणजे ज्याच्यापाशी दोलोग नाही, तो आळशी. शब्दाकडे नुसते पाहिले तर ज्याच्याजवळ काही नाही तो, असाही भास व्हावा.

हा कायदा झाला तेव्हा हंगेरीतील शेतमजुरांची अवस्था कशी होती? १८९० च्या दशकात मैदानी भागात त्यांचे लढे पेटले होते. त्यावर १८९८ मध्ये जो कायदा आला, त्याला लोकांनी 'गुलामांचा कायदा' हे नाव दिले. सुगीचा करार मोडून गेलेल्या मजुराला सशस्त्र शिपाई पाठवून परत शेतावर आणण्याची सोय त्यात होती. आधी काम सोडून जाणारा गुन्हेगार ठरला आणि पंधरा वर्षांनी काम नसलेला. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात भूमिहीनांची संख्या इतकी डोळ्यांत भरणारी होती की, 'तीस लाख भिकाऱ्यांचा देश' हे वर्णन हंगेरीला चिकटले. एवढी माणसे एकाच वेळी स्वभावाने आळशी कशी निपजली, याचे उत्तर त्या कायद्यापाशी नव्हते.

शिक्का आणि फाटक

दुसऱ्या महायुद्धानंतर राजवट बदलली. जमीनदार गेले, कारखाने सरकारी झाले, श्रमिकांचे राज्य आल्याची घोषणा झाली. जुन्या व्यवस्थेतील पुष्कळ गोष्टी मोडीत निघाल्या, पण धोकादायक कामचुकाराचा गुन्हा निघाला नाही. उलट त्याला नवे तत्त्वज्ञान लाभले. जो राबत नाही त्याचा अन्नावर हक्क नाही, या आशयाचे वचन ख्रिस्ती धर्मग्रंथात आहे. सोव्हिएत संघाच्या १९३६ मधील राज्यघटनेने तेच तत्त्व म्हणून स्वीकारले. सोव्हिएत संघात १९६४ मध्ये जोसेफ ब्रॉडस्की या तरुण कवीवर 'परोपजीवी' म्हणून खटला चालला आणि त्याला पाच वर्षांच्या सक्तमजुरीसह उत्तरेकडे धाडण्यात आले. कविता करणे हे काम आहे, हे न्यायासनाला पटले नाही. पुढे १९८७ मध्ये त्याच कामासाठी त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

हंगेरीत या गुन्ह्याचे तीन आद्याक्षरांचे नाव सर्वांच्या तोंडी होते : के. एम. के. प्रत्येक नागरिकाजवळ ओळखपुस्तिका असे आणि तीत नोकरीच्या जागेची नोंद असे. पोलीस रस्त्यात पुस्तिका मागत, तेव्हा नजर जाई ती त्या पानावर. शिक्का असला की माणूस कष्टकरी, नसला की संशयित. लांब केस राखणारे तरुण, सरकारला नकोसे झालेले लेखक आणि कलावंत, गावोगाव हिंडून पोट भरणारी माणसे, या सर्वांवर ही तलवार टांगती होती. साहजिकच पुष्कळांनी एखादी नाममात्र नोकरी पत्करून शिक्का तेवढा मिळविला.

आता शिक्का असलेल्यांच्या जगात काय चालले होते ते पाहावयास हवे. हंगेरियन अर्थशास्त्रज्ञ यानोश कोर्नाई यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या टंचाईविषयक ग्रंथात या व्यवस्थेची चिकित्सा केली आहे. सरकारी कारखान्याला दिवाळ्याचे भय नसते, तोटा आला तर सरकार भरून देते. कच्चा माल वेळेवर येईल याची शाश्वती नसते. म्हणून व्यवस्थापक माल साठवून ठेवतात तशी माणसेही साठवून ठेवतात, न जाणो उद्या लागली तर. मग महिन्याच्या पूर्वार्धात सुटे भाग नाहीत म्हणून यंत्रे थंड आणि शेवटच्या आठवड्यात उद्दिष्ट गाठण्यासाठी रात्रंदिवस धावपळ. या धावपळीला लोक 'हॉयरा' म्हणत. खेळाडूंना चेव आणण्यासाठी प्रेक्षक जी आरोळी ठोकतात तीच ही. आणि उरलेल्या दिवसांतील सक्तीच्या रिकामपणाला नाव पडले 'फाटकाच्या आतील बेकारी'. फाटकाबाहेरचा रिकामा माणूस समाजाला धोकादायक आणि फाटकाच्या आतला रिकामा माणूस समाजवादाचा शिल्पकार, असा हा न्याय होता.

यावरून आतला कामगार आळशी होता असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. मिक्लोश हॉरॉस्ती या तरुण लेखकाने १९७० च्या दशकाच्या आरंभी बुडापेस्टच्या ट्रॅक्टर कारखान्यात यंत्रावर काम केले आणि तुकड्यांवर मजुरी देण्याच्या पद्धतीने माणूस कसा पिळून निघतो याचे वर्णन लिहिले. त्याबद्दल त्याच्यावर खटला भरला गेला आणि १९७४ मध्ये आठ महिन्यांची, अंमलबजावणी स्थगित ठेवलेली शिक्षा झाली. त्या लेखनातील अविस्मरणीय भाग आहे तो 'फुशी'चा. कारखान्याच्या यंत्रावर, टाकाऊ तुकड्यांतून, मुकादमाचा डोळा चुकवून कामगार स्वतःसाठी एखादी वस्तू घडवीत. तिला फुशी म्हणत. एखादी किल्ली, एखादे खेळणे, घरातली एखादी उपयुक्त वस्तू. कायद्याच्या दृष्टीने ही वेळेची आणि मालाची चोरी होती. पण हॉरॉस्तीला असे दिसले की, कामगार मन लावून, कौशल्य पणाला लावून जर काही करीत असेल तर ते हेच. चोरलेल्या वेळातच त्याचे खरे काम होत होते.

अमेरिकेत अध्यापन करणारे समाजशास्त्रज्ञ मायकेल बुरावॉय यांनी १९८० च्या दशकाच्या मध्यावर मिश्कोल्त्स येथील लेनिन पोलाद कारखान्यात भट्टीवर मजूर म्हणून काम केले. त्यांना तेथील कामगार आळशी आढळले नाहीत. अपुऱ्या साधनांतून मार्ग काढण्याची त्यांची कल्पकता पाहून ते थक्क झाले. त्यांनी एक प्रसंग नोंदविला आहे. पंतप्रधान कारखान्याला भेट देणार म्हणून कामगारांना नेहमीच्या कामाऐवजी साफसफाई आणि रंगरंगोटीला जुंपण्यात आले. पोलादाच्या भट्टीपाशी हातात कुंचले घेऊन उभी असलेली कुशल माणसे अधिकृत कागदांत कामावर होती. ओळखपुस्तिकेत शिक्का नसलेला, पण शेजाऱ्याचे छप्पर शाकारून देणारा माणूस मात्र कामचुकार होता.

१९८२ पासून सरकारनेच आणखी एक वाट मोकळी केली. कामगारांनी गट करून पाळी संपल्यावर, त्याच कारखान्यात, त्याच यंत्रांवर, अधिक मोबदल्याने काम घ्यावे, अशी ही योजना होती. अशा आर्थिक श्रमगटाची आद्याक्षरे होती जी. एम. के. दोन संक्षेपांत फरक एका अक्षराचा. दिवसा रेंगाळणारे हात संध्याकाळी त्याच यंत्रावर झपाट्याने चालू लागले, अशी तक्रार तेव्हा सर्रास ऐकू येई. आळस हा स्वभावदोष असता तर तो पाळीचा भोंगा वाजताच गळून पडला नसता.

गुन्हा गेला, शब्द राहिला

१९८९ मध्ये, राजवटीच्या अखेरच्या वर्षी, कामचुकारपणाचा गुन्हा रद्द झाला. योगायोग असा की, ज्या क्षणी बेकार असणे कायदेशीर झाले त्याच क्षणापासून ते अपरिहार्य होऊ लागले. पुढील काही वर्षांत सुमारे एक कोटी लोकसंख्येच्या या देशात दहा लाखांहून अधिक नोकऱ्या नाहीशा झाल्या. ओज्द यासारखी, एका पोलाद कारखान्यावर उभी राहिलेली गावेच्या गावे थंडावली. सर्वांत आधी गेली ती अकुशल माणसे, आणि त्यांत रोमा समाजाची माणसे मोठ्या संख्येने होती.

या समाजाविषयी समाजशास्त्रज्ञ इश्तवान केमेन्य यांनी केलेल्या पाहण्या बोलक्या आहेत. १९७१ मध्ये कामाच्या वयातील रोमा पुरुषांपैकी फार मोठा भाग, इतर हंगेरियनांच्या जवळपास बरोबरीने, नोकरीवर होता. १९९३ मध्ये नोकरीवर असलेल्यांचे प्रमाण एक तृतीयांशाच्याही खाली गेले. बावीस वर्षांत एका समाजाचे रक्त बदलत नाही. बदलले होते ते कारखान्यांचे भवितव्य. पण 'नॉपलोपो' हा शब्द त्याच्या जागी होता आणि कारखान्याच्या भवितव्यापेक्षा समोर बसलेल्या माणसाकडे बोट दाखविणे नेहमीच सोपे असते. बुडापेस्टच्या मॉस्को चौकात पुन्हा पहाटे मजूर उभे राहू लागले. 'माणसांचा बाजार' हे जुने नावही परत आले. या चौकाचे नाव २०११ मध्ये बदलले. त्याच वर्षी बेकारभत्त्याची कमाल मुदत नऊ महिन्यांवरून तीन महिन्यांवर आणली गेली. 'श्रमाधिष्ठित समाज' ही त्या काळच्या सरकारची घोषणा होती. भत्त्याऐवजी सार्वजनिक कामे देण्याचे धोरण वाढत गेले आणि त्या दशकाच्या मध्यावर दोन लाखांहून अधिक माणसे अशा कामांवर होती. मजुरी मात्र देशातील किमान वेतनापेक्षा कमी होती.

या धोरणाच्या बाजूने बोलण्यासारखे काही नाही असे नाही. काम नसलेल्या खेड्यात नाला उपसण्याचे कामदेखील माणसाला सकाळी उठण्याचे कारण देते, हातात थोडे पैसे देते. परंतु काम देणे ही राज्याची जबाबदारी आहे की काम घेणे ही गरिबाची परीक्षा आहे, हा प्रश्न उरतोच. पहिल्या भूमिकेत माणूस हक्कदार असतो, दुसरीत संशयित.

महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही. दृश्य उपजीविकेचे साधन नसताना सार्वजनिक जागी वावरणाऱ्या माणसाला, तो भिकेवर जगत असावा असे दिसल्यास, भिकारी समजण्याची तरतूद मुंबई राज्याच्या १९५९ च्या भिक्षाप्रतिबंधक कायद्यात केलेली होती. १९१३ च्या हंगेरियन कायद्याचा सूर त्यात ओळखू येतो. याच महाराष्ट्राने १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा केला आणि ग्रामीण भागात अंगमेहनतीचे काम मागणाऱ्याला ते देण्याचे बंधन शासनावर घातले. एका कायद्याने माणसाला विचारले, 'तुझे काम कोठे आहे?' दुसऱ्याने तोच प्रश्न शासनाला विचारला. व्यवहारात या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दर वेळी समाधानकारक मिळाले असे नव्हे, पण प्रश्नाची दिशा बदलणे हीच मोठी गोष्ट होती. आपल्या भाषेत मात्र ही दिशा अद्याप पुरती बदललेली नाही. 'बेकार' या एकाच शब्दाने आपण काम नसलेला माणूस आणि टाकाऊ वस्तू या दोहोंचा निर्देश करतो.

विश्रांतीची बाजू

हंगेरियन भाषेने आळसाची केवळ निंदाच केली आहे असे समजण्याचे कारण नाही. काम या अर्थाचा तिचा 'मुंकॉ' हा शब्द स्लाव भाषांतील ज्या शब्दापासून आला आहे, त्याचा अर्थ 'यातना' असा आहे. श्रमाचा गौरव करणाऱ्या फलकांवरही हाच शब्द झळकत होता, पण त्याचे मूळ भाषेच्या पोटात शाबूत राहिले. लोकांच्या तोंडी असलेली एक म्हण सांगते की, आळस म्हणजे अर्धे आरोग्य. 'स्वच्छता म्हणजे अर्धे आरोग्य' या शाळेच्या भिंतीवर शोभणाऱ्या सुवचनाशी ती यमकासकट जुळते आणि त्यातच तिची गंमत आहे. काही न करणे या अर्थाचा 'शेम्मिततेवेश' हा शब्द 'गोड' या विशेषणासह येतो, तेव्हा त्यात दोष नसतो, सुट्टीच्या दुपारचे सुख असते.

पण ही गोडी कोणाला चाखता येते? ज्याचा दिवस त्याच्या स्वतःच्या मालकीचा आहे त्याला. उद्याच्या कामाची खात्री असलेला माणूस आज स्वस्थ बसतो, ती विश्रांती ठरते. ज्याला उद्याचा भरवसा नाही, त्याच्या स्वस्थ बसण्यात विश्रांती नसते. त्याचे हात रिकामे असतात आणि मन गिरणीसारखे फिरत असते. दोघेही बाहेरून सारखेच दिसतात. भाषा उतावीळ असते, ती दिसेल त्याला नाव देऊन मोकळी होते. कायद्याने आणि सुजाण समाजाने तेवढे उतावीळ होऊन चालत नाही.

नॉपलोपो हा शब्द हंगेरियन घरांत यापुढेही राहील आणि सकाळी अंथरुणात लोळणाऱ्या मुलाला तो शोभूनही दिसेल. मात्र चौकात उभ्या असलेल्या धडधाकट माणसाला तो लावण्यापूर्वी एक चौकशी करणे न्यायाचे ठरेल : त्याचा दिवस विकत घ्यावयास आज कोणी आले होते काय?